हद्दीपलीकडे परवानगी कुणाची?

चि. वैशालीस,


तुझ्या लेकाला, आर्यला, न्यू जर्सीचं लर्नर्स परमिट मिळालं, आणि जुलैत एडिसनहून व्हर्जिनियाला जाताना थोडा वेळ गाडी त्याच्या हाती द्यावी असं तुम्हा दोघांच्या मनात आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. हे चालतं का, असं तू विचारलंस. माझं उत्तर असं, की ज्या राज्याच्या रस्त्यावर तो गाडी चालवणार, त्या राज्याने स्वतःच्या कायद्यात 'चालेल' म्हटलेलं असेल तरच चालतं. न्यू जर्सीने दिलेली परवानगी न्यू जर्सीपुरती धरावी आणि पुढची प्रत्येक परवानगी वेगळी तपासावी. हे नुसतं कायद्यातल्या बारकाव्याचं काम असतं तर मी दोन ओळींत उरकलं असतं. पण त्यामागे विचार आहे, आणि तो तुम्हाला पटला तर आर्यलाही पटवून देता येईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

भारतात वाढलेल्या माणसाला हा प्रश्नच मुळात विचित्र वाटतो. आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे आणि त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की लर्निंग लायसन्स काय किंवा पक्कं लायसन्स काय, दोन्ही भारतभर चालतात. कोल्हापूरच्या आरटीओने दिलेलं लर्निंग लायसन्स घेऊन, 'एल'ची पाटी लावून आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवून कुणी बेळगावला किंवा पणजीला गेला, तर हद्द ओलांडली म्हणून त्याचं लायसन्स रद्दबातल होत नाही. अमेरिकेत असा एक कायदाच नाही. गाडी कुणी, कितव्या वर्षी आणि कोणत्या अटींवर चालवायची हे तिथे प्रत्येक राज्य ठरवतं, आणि हा अधिकार फार पूर्वी सुप्रीम कोर्टाने मान्य केलेला आहे. १९१५ मध्ये 'हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड' या खटल्यात कोर्टाने सांगितलं की केंद्राने कायदा केलेला नसेल तोवर बाहेरून येणाऱ्या चालकांनाही राज्य आपले नियम लावू शकतं. पुढच्याच वर्षी 'केन विरुद्ध न्यू जर्सी' हा खटला झाला. केन हा न्यू यॉर्कचा रहिवासी, न्यू यॉर्कहून पेनसिल्व्हेनियाला निघालेला, न्यू जर्सीतून फक्त जात होता. तरीही न्यू जर्सीची अट न पाळल्याबद्दलची त्याची शिक्षा कोर्टाने कायम ठेवली. 'आम्ही तर नुसते इथून चाललोय' हा बचाव शंभर वर्षांपूर्वीच निकाली निघालेला आहे, आणि तोही तुमच्याच राज्याच्या बाजूने.

यावर तू म्हणशील, मग माझं लायसन्स पन्नासही राज्यांत कसं चालतं? चालतं, कारण प्रत्येक राज्याने पाहुण्या चालकाचं पक्कं लायसन्स मान्य करायचं आपणहून ठरवलंय. ते मान्य करणं सोपंही आहे. पक्कं लायसन्स हाती असलेला माणूस परीक्षा देऊन पास झालेला असतो आणि त्याची लायकी त्याच्यासोबत प्रवास करते. लर्नर्स परमिटचं तसं नाही. परमिट सांगतं की हा मुलगा अजून तयार झालेला नाही, पण अमुक माणूस शेजारी, अमुक वेळेत, अमुक लोक गाडीत, एवढी व्यवस्था असेल तर त्याला शिकू द्या. राज्याने विश्वास टाकलाय तो त्या सगळ्या व्यवस्थेवर, एकट्या मुलावर नाही. आणि ती व्यवस्था राज्याची हद्द ओलांडताना शाबूत राहील याची खात्री कुणीच दिलेली नसते. म्हणून काही राज्यं बाहेरचं परमिट मानतात, काही मानत नाहीत, तर काही मानतात पण वयाची किंवा सोबतच्या माणसाची स्वतःची अट घालतात.

ही व्यवस्था किती बारीक विणलेली असते ते तुमच्याच उदाहरणात बघ. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी मिळणारं परमिट ड्रायव्हिंग स्कूलच्या सहा तासांच्या शिक्षणाशी बांधलेलं आहे. शेजारी बसणारा माणूस किमान एकवीस वर्षांचा हवा, त्याला तीन वर्षांचा अनुभव हवा आणि त्याचं लायसन्स न्यू जर्सीचंच हवं. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवायची नाही. नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावायचा. आता एडिसनहून टर्नपाइकने खाली येऊन डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडा. डेलावेअरमध्ये परमिट सोळाव्या वर्षी मिळतं, मेरीलँडमध्ये पंधरा वर्षं नऊ महिन्यांनी, व्हर्जिनियात साडेपंधराव्या वर्षी. मेरीलँडमध्ये लायसन्सआधी साठ तासांचा सराव लागतो, व्हर्जिनियात पंचेचाळीस तासांचा. व्हर्जिनियाच्या परमिटवर अठरा वर्षांचा सख्खा भाऊही शेजारी बसलेला चालतो, न्यू जर्सीच्या परमिटवर तो चालणार नाही. तुमच्या लाल स्टिकरची तिथे सक्ती नाही. आणि 'तिथे पोचल्यावर काका बसतील शेजारी' असं तू सहज लिहून गेलीस, पण काकांचं लायसन्स व्हर्जिनियाचं! तीस वर्षं गाडी चालवणारा, शांत डोक्याचा माणूस शेजारी असूनही आर्यच्या परमिटची अट पुरी होत नाही. उत्तरेकडे न्यू यॉर्कला जायचं म्हटलं तर याहून कडक प्रकार आहे. तिथल्या ज्युनियर परमिटवाल्याला शहराच्या पाच बरोंमध्ये गाडी शिकायची तर गाडीत ब्रेकची दुहेरी व्यवस्था लागते. शहरातल्या उद्यानांमधले रस्ते, वेस्टचेस्टरमधले टॅकोनिक आणि सॉ मिल रिव्हरसारखे पार्कवे, ट्रायबरो प्राधिकरणाचे पूल आणि बोगदे शिकाऊंना बंद आहेत. स्वतःच्या मुलांवर इतकी बंधनं घालणारं राज्य शेजारच्या मुलांना मोकळं सोडेल, असं गृहीत धरायला काहीच आधार नाही.

तुझा सगळ्यात वजनदार आक्षेप मला दिसतोय, आणि तो खरा आहे. बाप शेजारी बसलेला असताना मुलगा सगळ्यात सुरक्षित असतो. व्हर्जिनियातल्या नव्वद किशोर चालकांच्या गाड्यांत उपकरणं बसवून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. परमिटच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या तुलनेत लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अपघात किंवा थोडक्यात टळलेले अपघात आठपट झाले, असं त्यात आढळलं. म्हणजे धोका शिकण्याच्या काळात कमी आणि एकटं पडल्यावर जास्त. मग हद्दीवर शिकाऊंनाच अडवण्यात काय शहाणपण? पण हाच अभ्यास माझंही म्हणणं मांडतो. शिकाऊ मुलगा सुरक्षित राहतो तो शेजारचं माणूस आणि त्याभोवतीच्या अटी यांच्यामुळे. अशा अटी घालून टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत न्यूझीलंडने १९८७ मध्ये देशभर आणली, फ्लोरिडाने १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केली आणि नंतर ती सगळीकडे गेली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की ज्या राज्यांत या पद्धतीच्या सात प्रमुख अटींपैकी किमान पाच होत्या, तिथे सोळा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात अडतीस टक्क्यांनी कमी होते. अटी मुलांना वाचवतात हे दिसत असताना, कोणत्या अटी लागू आहेत हेच माहीत नसलेल्या रस्त्यावर त्याला गाडी देणं म्हणजे त्या संरक्षणातलाच एक भाग आपल्या हाताने काढून घेणं आहे.

दुसरा आक्षेप सरावाचा. लांबच्या हायवेवर दोन तास सलग चालवल्याशिवाय हात बसत नाही, हे मला मान्य आहे. न्यू जर्सीनेही २०२५ पासून लायसन्सआधी पन्नास तासांचा सराव सक्तीचा केलाय, त्यातले दहा तास रात्रीचे. पण त्यासाठी राज्य सोडायची गरज नाही. फिलिप्सबर्गपासून नेवार्कपर्यंतचा आय-७८, डेलावेअर वॉटर गॅपपासून पूर्वेकडे येणारा आय-८०, केप मेपर्यंत जाणारा गार्डन स्टेट पार्कवे, डोंगरातले सिंगल रोड, शुक्रवार संध्याकाळची एडिसनची रूट वनवरची गर्दी, हे सगळं तुमच्या अंगणात आहे. नवख्याला शिकवायला त्याच्या ओळखीचे रस्तेच बरे. लेन बदलताना आरसा, खांदा, इंडिकेटर हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत त्याचं अर्धं लक्ष नव्या पाट्या वाचण्यात आणि टोलची लेन शोधण्यात जायला नको. सहलीला निघालेल्या गाडीत शिकणं तसंही नीट होत नाही. मागे आजी, सामान, खाणं, उशीर झाल्याची घाई. शिकवणाऱ्याचं पूर्ण लक्ष शिकणाऱ्यावर असायला हवं, आणि सहलीत ते कधीच नसतं.

तिसरा आक्षेप कुणी उघड मांडत नाही, पण असतो: अडवणार कोण? बहुतेक वेळा कुणीच अडवणार नाही, हे खरं आहे. पण मागून कुणी धडकलं, चूक त्याचीच असली, तरी पोलीस दोघांचीही कागदपत्रं बघतात. परमिट त्या राज्यात मान्य नसेल तर आर्य तिथे विनालायसन्स चालक ठरतो, आणि काही राज्यांत तो गुन्हा आहे. विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते, समोरच्याच्या वकिलाला तुमच्या निष्काळजीपणाचा मुद्दा मिळतो. शिवाय तुमचं ग्रीन कार्ड अजून प्रलंबित आहे. त्या अर्जात अटक, आरोप आणि सायटेशन यांबद्दल प्रत्येकाला विचारलं जातं. एका साध्या तिकिटाने ग्रीन कार्ड अडतं असं मी म्हणत नाही. पण सोळा वर्षांच्या पोराला पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये खुलासा लिहायला लावण्याइतकं त्या दोन तासांच्या ड्रायव्हिंगचं मोल नक्कीच नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे, पहिल्याच वर्षी आईबाबांनी शेजारी बसून नियमाकडे काणाडोळा केला, तर एकटा असताना त्याने नियम पाळावा असं सांगायचा आपला हक्क कमी होतो. आणि ते आठपटीचे तीन महिने तर पुढेच आहेत.

ही व्यवस्था उत्तम आहे असं मात्र मला वाटत नाही. डेलावेअर नदीच्या एका काठावर फिलिप्सबर्ग, दुसऱ्या काठावर पेनसिल्व्हेनियातलं ईस्टन. वॉशिंग्टनच्या आसपास तर घर एका राज्यात, शाळा दुसऱ्यात आणि नोकरी तिसऱ्याच ठिकाणी. अशा कुटुंबांना हे तुकडे जोडत बसावं लागतं आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. त्यावर उपायही आहे. दारू पिण्याचं किमान वय देशभर एकवीस व्हावं म्हणून केंद्राने १९८४ मध्ये कायदा केला आणि जी राज्यं ऐकणार नाहीत त्यांचा महामार्गाचा काही निधी रोखायचं ठरवलं. सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये तो कायदा वैध ठरवला. तसाच साधा नियम परमिटसाठी करता येईल: दुसऱ्या राज्याचं परमिट सगळ्यांनी मानायचं, पण दोन राज्यांपैकी ज्याची अट कडक ती पाळायची. मुलांचं संरक्षणही राहील आणि आईबापांचा गोंधळही संपेल. त्यासाठी तुमच्या भागातल्या मराठी मंडळाने आपल्या आमदार-खासदारांना पत्रं लिहावीत, मी मसुदा करून देईन. मात्र कायदा बदलेपर्यंत त्याची परीक्षा आर्यच्या पाठीवरून घ्यायची नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. या जुलैत व्हर्जिनियापर्यंत गाडी तुम्ही दोघांनी चालवा. पुढे कधी खरंच गरज पडली तर वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या मोटार वाहन विभागाची अधिकृत माहिती वाचा, इंटरनेटवरच्या याद्यांवर विसंबू नका, कारण त्या शिळ्या होतात. उत्तर स्पष्ट नसेल तर ते 'नाही' आहे असं समजा. विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. स्पष्ट 'हो' मिळालं तर दोन राज्यांपैकी ज्याची अट कडक ती पाळा आणि शेजारी न्यू जर्सीचं लायसन्स असलेलं तुमच्यापैकीच कुणीतरी बसा. आर्यला नुसतं 'नाही' म्हणू नकोस. त्याला केनचा खटला सांग, नकाशावर चारही राज्यांचे नियम त्यालाच शोधून लिहायला लाव. सोळा वर्षांच्या मुलाला कारण कळलं की तो ऐकतो, आणि ज्याला नियमामागचं कारण कळलंय त्याच्या हाती सतराव्या वर्षी किल्ली देताना तुम्हालाही धीर येईल.

 

तुझी,
शुभाताई