हमी कोणाची?

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाकडे वर्षभर मोठी प्रवासी जहाजे जात असतात. पाच दिवसांच्या फेरीत ती बहुधा दोन ठिकाणी थांबतात, कोझुमेल बेटावर आणि प्रोग्रेसो बंदरात. दोन्हीकडून माया संस्कृतीचे प्राचीन अवशेष पाहता येतात. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि दुपार कलली की सुटते. मधल्या आठ-नऊ तासांत अवशेष पाहून परत यावयाचे असते. त्यासाठी जहाज कंपनी स्वतः सहली विकते आणि किनाऱ्यावरचे खाजगी गाडीवालेही, पुष्कळदा कमी दरात, त्याच ठिकाणी नेऊन आणतात. कोणाबरोबर जावे, यावर बहुतेक कुटुंबांत वाद होतो.

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे अडतीची पेढी चालविलेल्या अण्णांच्या कुटुंबातही तो झाला. मे महिन्यात अण्णा आणि आक्का ह्यूस्टनला मुलाकडे गेले असता मुलाने या फेरीची तिकिटे काढली. अण्णांचे वय बहात्तर, आक्कांचे गुडघे दुखरे, बरोबर सूनबाई आणि तेरा वर्षांची नात. माया लोकांची अंक लिहिण्याची रीत नात शाळेत शिकली होती. एकासाठी टिंब, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह. ती तिने आजोबांना शिकविली. वीसच्या पटीत हिशेब करणारे आणि भारताशी कसलाही संबंध नसताना शून्य वापरणारे हे लोक कोण असावेत, याचे अण्णांना मोठे कुतूहल वाटू लागले. त्यांच्या मनात एकच ठिकाण भरले, चिचेन इत्झा.

मुलाने आकडे मांडले. पाच जणांसाठी स्वतंत्र गाडी आणि वाटाड्या मिळून जो खर्च येत होता, तो जहाजाच्या सहलीच्या तीन तिकिटांएवढाच होता. शिवाय गाडी आपली, वेळ आपली, आक्कांना बसावेसे वाटले तर बसता येईल.

अण्णांनी एवढेच विचारले, "उशीर झाला तर जहाज थांबेल?"

"आपण आपले गेलो तर नाही थांबणार, अण्णा. त्यांच्या सहलीत असलो तर थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी ते घेतात."

"मग दोन तिकिटांचे जादा पैसे म्हणजे विम्याचा हप्ता. हप्ता जास्त की कमी, हे जोखीम बघून ठरवायचं."

वास्तविक सारा प्रश्न या एका वाक्यात आला आहे. जहाजाच्या सहलीची बस, वाटाडे आणि दुपारचे जेवण पुष्कळदा स्थानिक कंत्राटदारांचेच असते. जादा रकमेत जे विकत मिळते ते म्हणजे परतीची हमी. काही खाजगी गाडीवालेही "वेळेत पोचवू, नाहीतर पैसे परत" असे लिहून देतात; परंतु कर्ज देताना जामीनदाराची ऐपत पाहतात तशी येथेही पाहावयास हवी. गाडीचे भाडे परत मिळाले, तरी परदेशी बंदरात पाच माणसांचा मुक्काम आणि विमानाची तिकिटे त्यातून निघत नाहीत. जहाजाची हमी मात्र खुद्द जहाजच देते.

जोखीम मोजण्याच्या खुणा तीन आहेत. पहिली, धक्क्यापासून अवशेषांचे अंतर आणि वाटेत पाणी ओलांडावे लागते की नाही. दुसरी, बंदरांचा क्रम. जहाज आधी कोझुमेल आणि मग प्रोग्रेसो असे जात असेल, तर कोझुमेलला चुकलेला माणूस बोटीने मुख्य भूमीवर येऊन रस्त्याने प्रोग्रेसोला जहाज गाठू शकतो. शेवटच्या बंदरात चुकलेल्याला मात्र थेट घरापर्यंतचा खर्च स्वतः करावा लागतो. तिसरी खूण घड्याळाची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली. अमेरिकेत ती चालू आहे. त्यामुळे मे महिन्यात गॅल्व्हस्टनचे घड्याळ कोझुमेलशी जुळते, पण प्रोग्रेसोच्या एक तास पुढे असते. जहाज गॅल्व्हस्टनची वेळ पाळत असेल आणि प्रवाशाचा फोन किनाऱ्याची वेळ दाखवू लागला, तर फोनवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार होतात. मुलाने दोन्ही फोनवरची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद केली आणि अण्णांनी मनगटावरचे जुने घड्याळ जहाजाच्या वेळेला लावले.

या कुटुंबाच्या फेरीत कोझुमेल आधी होते. तेथून सर्वाधिक खपणारी सहल तुलुमची असते. समुद्राच्या कड्यावर उभे असलेले हे तटबंदीचे शहर १५१८ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दींनी जहाजावरून पाहिले होते, आणि आजही त्याचे रूप मनात ठसणारे आहे. परंतु तुलुम मुख्य भूमीवर आहे. कोझुमेलहून पाऊण तास फेरीबोट, पुढे तासभर बस, आणि येताना पुन्हा तेच. बोटीत पोट ढवळून येणाऱ्यांनी हा मार्ग न धरलेलाच बरा. आक्कांना तो त्रास होता. म्हणून तुलुम रद्द झाले आणि बेटावरच असलेल्या सान हेर्वासिओला टॅक्सीने जाण्याचे ठरले. वाटेत पाणी ओलांडावयाचे नव्हते. येथे हमी विकत घेण्याचे काही कारणच नव्हते.

सान हेर्वासिओला गगनचुंबी पिरॅमिड नाहीत. झाडीतून जाणाऱ्या पांढऱ्या दगडी वाटा, एक कमान, ठेंगणी देवळे आणि उन्हात पहुडलेल्या घोरपडींसारख्या इग्वाना एवढाच त्याचा पसारा. पण माया स्त्रियांचे हे मोठे तीर्थक्षेत्र होते. प्रसूती, विणकाम आणि चंद्र यांच्याशी जोडलेली देवी इश्चेल हिच्या दर्शनासाठी मुख्य भूमीवरून स्त्रिया होड्यांतून येत. एका वास्तूला 'लास मानितास' म्हणजे 'इवले हात' असे नाव आहे, कारण तिच्या भिंतीवर लाल रंगाचे हातांचे ठसे आहेत. आक्का तेथे बराच वेळ उभ्या राहिल्या. "आपल्याकडे नवी सून येते तेव्हा उमटवतात, तसेच की गं," असे त्या सूनबाईंना म्हणाल्या. घाई करणारे कोणी नव्हते. टॅक्सीवाला फाटकाशी थांबला होता.

अण्णांना बेटाची दुसरी ओळख अधिक भावली. कोझुमेल व्यापाऱ्यांचेही ठाणे होते. द्वीपकल्पाला वळसा घालणाऱ्या मोठ्या होड्यांतून मीठ, मध, कापूस आणि कोको यांची ने-आण होत असे. कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. माया लोकांत व्यापाऱ्यांचा आणि कोकोचा एक स्वतंत्र देवच होता, एक चुआह. १५०२ मध्ये कोलंबसाला होंडुरासच्या किनाऱ्याजवळ मालाने भरलेली अशी एक होडी भेटली. त्या वेळी खाली सांडलेल्या कोकोच्या बिया उचलण्यासाठी होडीतील लोक असे वाकले, जणू डोळाच निखळून पडला असावा, अशी नोंद कोलंबसाच्या मुलाने करून ठेवली आहे. ती ऐकून अण्णा हसले. तोलताना सांडलेला माल असाच वेचला जातो, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

दुपारच्या जेवणाला सर्व जण जहाजावर परतले होते. हा लाभ लहान नाही. मेक्सिकोत घेवड्याची उसळ पुष्कळदा डुकराच्या चरबीवर परततात आणि ती दिसून येत नाही. सहलीच्या सामायिक जेवणात विचारपूस करण्यास सवडही नसते. जहाजावर आगाऊ कळवून ठेवलेले कंदमुळांविना जेवण तयार होते. किनाऱ्यावर नेण्यासाठी खाकऱ्यांची बंद पाकिटे तेवढी जवळ होती. शिजवलेले अन्न किंवा फळे जहाजावरून खाली नेता येत नाहीत.

कोझुमेल इतके सुखाचे झाल्यावर मुलाने पुन्हा विषय काढला. उद्याही आपली गाडी करावी, पैसे वाचतील, आक्कांना विश्रांती मिळेल. अण्णांनी नकाशा मागितला. प्रोग्रेसोपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर झिबिलचाल्तुन आहे. तेथील 'सात बाहुल्यांच्या मंदिरा'च्या दारातून विषुवदिनी उगवता सूर्य दिसतो. तेथे खाजगी गाडीने खुशाल जावे. चिचेन इत्झा मात्र सुमारे दीडशे किलोमीटर. जाताना दोन तास, येताना दोन तास, आणि बंदर शेवटचे. त्यात प्रोग्रेसोचा समुद्र इतका उथळ आहे, की जहाजासाठी साडेसहा किलोमीटर लांबीचा धक्का बांधावा लागला. उशीर झाला तर धावत जाऊन जहाज गाठणे हा विचारच तेथे संभवत नाही.

"झिबिलचाल्तुन बघायचं असेल तर गाडी कर. चिचेन बघायचं असेल तर त्यांची बस घे," अण्णा म्हणाले.

निवड अर्थातच चिचेनची झाली. हिशेब चोख होता. पण हिशेबात न मांडलेली एक बाजूही होती, ती दुसऱ्या दिवशी कळली.

चाळीसहून अधिक प्रवाशांची बस. वाटेत एका दुकानापाशी थांबा, जो कोणी मागितला नव्हता. तेथे तकिला या मद्याची चव घेण्याचे आमंत्रण, ते नाकारून हे पाच जण बसच्या सावलीत उभे राहिले. चिचेनला परदेशी प्रवाशास केंद्र आणि राज्य यांची दोन वेगळी तिकिटे लागतात. ती मात्र आधीच काढलेली होती आणि भर उन्हात दोन रांगा वाचल्या. वाटाडा जाणता होता. युकातानच्या या भागात जमिनीवर नद्या नाहीत, पाऊस चुनखडीत मुरतो, म्हणून लोक नैसर्गिक विवरांतले पाणी वापरीत आणि जेथे विवरे नाहीत तेथे बाटलीच्या आकाराचे 'चुल्तुन' जमिनीत कोरून पावसाचे पाणी साठवीत, असे त्याने सांगितले. त्याने हातांनी आकार काढून दाखविताच अण्णा मुलाला म्हणाले, "हे तर आपल्या हरिपूरचं पेव!" सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे नवल वाटणार नाही.

कुकुलकानचा पिरॅमिड समोर आला तेव्हा नात पायऱ्यांचा हिशेब मांडू लागली. चार बाजूंना प्रत्येकी ९१, म्हणजे ३६४. वरची एक धरून ३६५. माया वर्षाचे महिने अठरा, प्रत्येक महिना वीस दिवसांचा, आणि उरलेले पाच दिवस अशुभ. अण्णांनी बोटांवर पडताळा घेतला. २००६ पासून पिरॅमिडवर चढण्यास बंदी आहे, त्यामुळे खालून पाहणे एवढेच हाती असते. पायथ्याशी टाळी वाजविली, की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. बहात्तराव्या वर्षी अण्णांनी तीन वेळा टाळी वाजविली.

त्यानंतर वाटाड्याने पाऊण तास मोकळा दिला. उत्तरेकडे पवित्र विवराकडे जाणारी जुनी वाट आहे, दुतर्फा विक्रेते बसलेले असतात. आक्कांचे गुडघे तेवढ्या वेळात जाऊन येण्यास तयार नव्हते. आपली गाडी असती, तर थोडे बसून, सावकाश, सर्वांनाच जाता आले असते. आता मुलगा आणि नात झपाझप गेले, सूनबाई पाण्याच्या बाटल्या आणावयास गेल्या, आणि अण्णा आक्कांजवळ झाडाखाली बसून राहिले. "तुम्ही जाऊन या," असे आक्का दोनदा म्हणाल्या. ते उठले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर काहीही विपरीत घडले नाही. टायर फुटला नाही, वाहतूक अडली नाही. जहाजाच्या घड्याळाने साडेचारपर्यंत चढावयाचे होते. बस धक्क्यावर पोचली तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती. चाळीस मिनिटे हाती उरली. ती चिचेनलाच खर्च करता आली असती, असे मुलाने बोलून दाखविले. अण्णांनी त्याला सांगितले, की दुकानाच्या आगीचा विमा त्यांनी चाळीस वर्षे भरला आणि आग एकदाही लागली नाही, तरी पुढल्या वर्षी तो भरलाच. मुलाचे समाधान झाले नाही. खरे पाहता अण्णांचेही झाले नसावे, कारण वरच्या डेकवर बसल्यावर त्यांनी नातीकडे पहिल्यांदा विवराचा फोटो मागितला.

गोल, उंच, सरळ तुटलेले चुनखडीचे कडे आणि खोलवर हिरवे, हालचाल नसलेले पाणी. नात सांगत होती, की १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकनाने त्यातला गाळ उपसला, तेव्हा सोने, जेड आणि माणसांची हाडे वर आली. पावसाच्या देवासाठी त्यात माणसे अर्पण करीत असत.

"अगं बाई," आक्का म्हणाल्या, "मग बघायचं राहिलं तेच बरं झालं."

अण्णा काही बोलले नाहीत. नातीने दाखविल्याप्रमाणे दोन बोटांनी फोटो मोठा करून ते पाण्याच्या काठाशी काय दिसते ते पाहत राहिले. जहाज सुटले होते; धक्का अजून बराच वेळ दिसणार होता.