इथपर्यंत

गाडी कुठलीही असो, पत्राकाम करणारे आमचे चाचा आधी खाली बसायचे आणि दाराची तळकड बोटांनी चाचपायचे. वरच्या रंगाशी त्यांना देणंघेणं नसे. दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथून निघून जातं. म्हसळ्याच्या लाल मातीने ती बुजली की पाणी दाराच्या पोटात साठतं. त्यात राजपुरीच्या खाडीचं टोक गावापर्यंत आलेलं. खारी हवा ओल सुटू देत नाही. बाहेर रंगाला पहिला फोड येतो तोवर आत पत्र्याची चाळण झालेली असते.

आमची प्रीमियर पद्मिनी अण्णांनी मुंबईत नोकरीला असताना घेतली होती. माणगाव सोडून घोणसे घाट लागला की ते रेडिओ बंद करायचे, इंजिन ऐकू यावं म्हणून. अण्णा गेले आणि गाडी परसात छपराखाली उभीच राहिली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ते छप्पर उडालं, आंब्याची फांदी टपावर आली. त्या दिवसांत लोकांना घरावर घालायला पत्रे मिळत नव्हते. आमच्या गाडीच्या पत्र्याचा विषय काढायचीही लाज वाटे. चाचा स्वतःहून आले.

लांबी भरून रंग मारून टाका, असं सगळे सांगत होते. चाचांनी साफ नकार दिला. ‘‘वर लांबी, आत गंज. एक पावसाळा काढेल, दुसऱ्याला सोलून पडेल.’’ हातोडीच्या टोकाने ते हलके ठोकत जायचे. सडलेला पत्रा बद्द वाजतो, चांगला खणकतो. आवाज बदलला की ‘इथपर्यंत’ म्हणून खडूची रेघ, आणि कापायचं त्याच्याही बोटभर पलीकडे.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. तळ आणि दाराखालच्या पट्ट्याच सगळा भार पेलतात. म्हणून पट्टी कापण्याआधी त्यांनी गाडी जॅकवर समतल घेतली आणि दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे जोडले. नाहीतर बॉडी मधोमध बसते आणि दारं कधीच नीट लागत नाहीत. मग पुठ्ठ्याचा माप-तुकडा, त्यावरून २० गेजचा पत्रा. जोड कडेला कड लावून. एकावर एक चढवला तर मधल्या फटीत पुन्हा पाणी. गॅसची ज्योत एका जागी क्षणभर, की लगेच दुसऱ्या टोकाला. मध्ये ओलं फडकं. सलग टाके घातले तर पत्रा तापून लाटा धरतो. शेवटी आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून ठोकणं. मग तळव्याखाली जुन्या धोतराचा तुकडा घेऊन, डोळे मिटून ते हात फिरवत. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्यांना असा सापडे.

अमेरिकेत साठच्या दशकातल्या मस्टँग गाडीची दारं, मडगार्डं, अगदी अख्खी बॉडी आजही नवी बनवून मिळते. पद्मिनीचं तसं नाही. ती कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनली, आणि तिच्या सुट्या भागांसाठी चाचा जायचे तेही कुर्ल्याच्याच भंगारबाजारात. पत्राकाम ते तिथल्याच एका गॅरेजात पोरवयात शिकले होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी त्यांचा फोन आला. टॅक्सीबद्दल अवाक्षर नाही. आमच्या गाडीची भोकं साफ ठेवतोस ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात चाचा गेले. मुलं आखातात, चांगल्या नोकऱ्यांत. हातोड्या, डॉल्या भंगारात किलोवर गेल्या. मला कळलं तेव्हा वजनही होऊन गेलं होतं. ते अजून सलतं.

यंदा मागच्या उजव्या मडगार्डाला फोड आलाय. माणगावचा मिस्त्री भला माणूस आहे. म्हणाला, नवीन पार्ट आणा, बसवून देतो. त्याचं चूक नाही, त्याने काम शिकायला घेतलं तेव्हा असल्या गाड्या येतच नव्हत्या. मी स्वतः हातोडी घेऊन ठोकून पाहिलं. मला सगळीकडून एकच आवाज येतो. चाचा, रेघ कुठे मारू?