अभंगाचे मोजमाप

आमच्या शहादा तालुक्यात घरोघरी अहिराणी, गुजरी बोलतात. भजनाच्या वह्या मात्र मराठीत. एका वहीवरून दुसरी उतरवताना शब्द बदलतात. म्हणून एकादशीच्या भजनाआधी मी मुलांना चार शब्द सांगतो. कडव्याचा एकेक भाग तो चरण. चरणांच्या शेवटी जुळणारा नाद ते यमक. फिरून फिरून म्हणायचे ते ध्रुपद. अखेरीस संतांचे नाव येते ती नाममुद्रा.

मोठ्या अभंगात चरण चार. अक्षरे 6, 6, 6 आणि 4. यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघु-गुरू पाहायचे नाही, जोडाक्षर एकच धरायचे. ‘विठ्ठल’ तीन अक्षरे, ‘पांडुरंग’ चार. देव एकच, पण एका नावाच्या जागी दुसरे लिहिले की चरण लांबतो आणि बोटांवर कळतो. संतांनीही कुठे अक्षर कमीजास्त ठेवले आहे. शंका आली की छापील गाथा उघडावी.

कुणी म्हणते, देवाला भाव हवा, हे गणित कशाला? खरे आहे, माउली. पण भाव आपला असतो, शब्द संतांचे. ती ठेव आहे. ठेव पुढच्या हाती मोजूनच द्यावी.