आठशे पंच्याऐंशी

१९९८ साली मी तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या वर्गाला अणुकेंद्रक शिकवत होतो. फळ्यावर आकडे लिहिले: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. प्रोटॉनची किंवा न्यूट्रॉनची संख्या यांपैकी एक असली, की केंद्रकातलं कवच पूर्ण भरतं आणि ते विशेष मजबूत होतं. म्हणून हे मॅजिक नंबर. मारिया गोपर्ट मेयर आणि हान्स येन्सन यांनी त्याचं कारण उलगडलं, त्यांना १९६३चं नोबेल मिळालं. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

मागच्या बाकावरून आमच्याच मोहल्ल्यातल्या बेकरीवाल्याचा मुलगा उभा राहिला.

"सर, प्रोटॉन कमी करत नेले आणि न्यूट्रॉन खूप जास्त झाले, तरी हेच आकडे चालतात?"

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, "परीक्षेला येतं तेवढं वाच." वर्ग हसला. तो बसला. त्या वर्षी त्यानं पुन्हा हात वर केला नाही. पास झाला आणि वडिलांच्या बेकरीवर बसला. घरची गरज होती. माझ्यामुळेच तसं झालं, असं नाही. पण ते हसू माझ्या कानातून गेलं नाही.

निवृत्तीनंतर सवडीनं वाचायला घेतलं. ऊर्जा मिळालेलं केंद्रक वरच्या पायरीवर असतं. खाली उतरताना ते गॅमा किरण सोडतं. त्या किरणाची ऊर्जा मोजली, की पायरीची उंची कळते. कवच भरलेलं असेल, तर पहिली पायरी उंच. गंधक-३६ मध्ये २० न्यूट्रॉन आहेत. तिथं ती ३२९१ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे.

मॅग्नेशियम-३२ मध्येही न्यूट्रॉन २०च, प्रोटॉन मात्र १६ऐवजी १२. नियमानं पायरी इथंही उंच हवी. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सोडियम-३२ तयार केलं गेलं. पापणी लवायच्या आत त्याचा क्षय होऊन मॅग्नेशियम-३२ बनतं. तेव्हा निघणारा गॅमा किरण मोजला, तर ऊर्जा भरली फक्त ८८५. प्रोटॉन घटले, तशी न्यूट्रॉनच्या कवचांमधली दरी अरुंद झाली आणि काही न्यूट्रॉन वरच्या कवचात गेले. पुढे १९९५ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत हीच केंद्रकं शिशावर सोडून गॅमा किरण मोजले, तेव्हा दिसलं की हे केंद्रक गोल नाही, ताणलेलं आहे. २० हा आकडा तिथं मॅजिक राहिलाच नव्हता.

सर्नचं ते मोजमाप १९७९ साली छापून आलं होतं. म्हणजे मी त्या पोराला गप्प केलं, त्याच्या १९ वर्षं आधी.

परवा असरनंतर बेकरीवर गेलो. तो भट्टीतून पावाचे ट्रे काढत होता. सलाम-दुआ झाली. मी म्हणालो, "तू वर्गात विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर 'नाही' आहे. ते आकडे सगळीकडे चालत नाहीत. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं नाही. माझी चूक झाली."

त्यानं हात पुसले, माझ्यासाठी स्टूल सरकवलं आणि चहा सांगितला.

"बसा सर. का चालत नाहीत, ते सांगा."