भंडाऱ्याची वाट आणि गाडीतलं ते बटण

मैत्रिणींनो, नागपूरहून भंडाऱ्याचा साठेक किलोमीटरचा रस्ता कसा सपाट! दोहों बाजूंना धानाच्या बांध्या, पुढे वैनगंगेचं रुंद पात्र. अशा वाटेवर ऑटोमॅटिक गाडी चालवताना ओव्हरड्राइव्ह खुशाल चालू ठेवा. नाव ऐकून वाटतं, गाडी उधळेल. छे! हा तर इंजिनाच्या विसाव्याचा गिअर. वेग तोच, पण इंजिनाचे फेरे कमी. पेट्रोल वाचतं, आवाजही कमी होतो.

पण तुमसरकडून गायमुखाला निघालात, की सातपुड्याच्या टेकड्या लागतात. गाडीत माणसं भरलेली, डिकीत तांदळाचं पोतं. चढावर गाडी सारखी गिअर बदलू लागली, की दांड्यावरचं ‘ओ-डी’चं बटण दाबून तो बंद करा. समोर ‘ओ-डी ऑफ’चा दिवा लागेल, तो बिघाड नव्हे, घाबरू नका.

लांब उतारावरही बंदच ठेवा. मग इंजिनच गाडीला आवरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं, तर ब्रेक तापून ऐनवेळी दगा देतात, आणि मागे आपली मुलं बसलेली असतात. सपाटी आली, की बटण पुन्हा दाबा.

परतताना भंडाऱ्याची पितळी भांडी मात्र पाहून या हं!