टिटवीचे माप

गेली वीस वर्षे मी रत्नागिरीत मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय आला की टिटवीपाशी हमखास थांबतो. गीतेचा अर्थ सांगायला निघालेले ज्ञानदेव स्वतःला चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीची उपमा देतात. "केवढा हा विनय!" असे म्हणून मी चष्मा पुसतो. 2023 साली मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही टिटवी बघितलीय?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण खरे सांगायचे तर मी टिटवी फक्त ऐकली होती. रात्री तिचा आवाज आला की आई "मेली कुणाच्या वाईटावर ओरडतेय" म्हणून खिडकी लावून घेई. आमची ओळख एवढीच.

मुलगी खाडीकाठच्या राजिवड्याची. "मे महिन्यात या, दाखवते," म्हणाली.

वैशाख अमावास्येच्या पहाटे मी गेलो. तिचे आजोबाही बरोबर निघाले. त्यांचे पंचांग तोंडपाठ. "तिथीला तिनाने गुणायचे नि चाराने भागायचे, मास्तर. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार. सव्वाअकराला भरती पुरी. आता सुकती आहे, चला."

भाट्याच्या पुलावरून पलीकडे उतरलो. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. तिवरांच्या मुळांशी निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या, बगळे एकेक पाऊल जपून टाकीत होते, वर ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. हिवाळी पाहुणे बहुतेक उत्तरेकडे परतले होते. चार-दोन पाखरे तेवढी बाकदार चोच चिखलात खुपसत होती. वीण करण्याच्या वयात न आलेली काही पाखरे उन्हाळा इथेच काढतात, हे मला त्या दिवशी कळले.

मुखाजवळ पोचलो आणि डोक्यावर एकदम कल्लोळ उठला. "टिटिव्-टिव्! टिटिव्-टिव्!" काळा गळा, डोळ्यापुढे लाल कल्ला, लांब पिवळे पाय. अशुभ कसली, चांगली देखणी होती!

"खाली बघा, सर!" मुलगी ओरडली. माझ्या चपलेपासून दोन हातांवर, वाळूगोट्यांत, चार अंडी होती. गोटे कुठले नि अंडी कुठली, ओळखू येईना. कालच्या भरतीने आणलेल्या काटक्यांची रेघ तिथून जेमतेम हातभर खाली.

"उचलून वर ठेवू या का?" मी विचारले.

"हात लावू नका," आजोबा म्हणाले. "तिचे तिला कळते."

आम्ही दूर सुरूच्या सावलीत बसलो. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसत. ऊन तापले तशी एक टिटवी पाण्याकडे गेली, पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली. ज्या पाण्याची मला धास्ती, त्याच पाण्याने ती अंडी निववीत होती!

पाणी चढत आले. काटक्यांची रेघ बुडाली. मी घड्याळाकडे पाहीत होतो. सव्वाअकरा वाजले, अंड्यांपासून वीतभर खाली पाणी थबकले आणि फिरले.

"आजचे काय घेऊन बसलात?" आजोबा म्हणाले. "खरे उधाण उद्या-परवा."

दोन्ही दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी पाण्याचा फेस अंड्यांपासून चार बोटांवर आला. टिटवी उठली नाही. मी मात्र उभा राहिलो होतो.

पाऊस लागायच्या सुमारास मुलीचा फोन आला. "सर, तीन पिल्ले चालायला लागली. एक अंडे कावळ्याने नेले."

तो अध्याय मी अजून शिकवतो. पण टिटवी सागर मोजायला निघते यात पूर्वी मला भाबडेपणाच दिसे. आता तसे वाटत नाही. चार बोटांचा हिशेब तिला माझ्यापेक्षा पक्का ठाऊक होता. चष्मा आता पुसत नाही. मागच्या बाकावरून कुणी विचारले तर छातीवर हात ठेवून सांगतो, "हो, बघितलीय!"