चार वाजतांचा चहा

इंग्रज मनुष्य आणि चहा यांचें नातें आपल्या मनांत इतकें पक्कें बसलेलें आहे कीं, हे लोक किटली हातीं घेऊनच जन्मास आले असावेत असें वाटावें. आपल्याकडे चहाचें प्रस्थ त्यांनींच वाढविलें, आणि त्याबद्दल आमच्या आजोबांनीं त्यांना जन्मभर क्षमा केली नाहीं. चहानें पित्त वाढतें, भूक मरते आणि पोरें वडील माणसांस उलट बोलूं लागतात, असें त्यांचें ठाम मत असे. वडिलांनीं तोच चहा सकाळीं संध्या आटोपल्यावर, पण स्वयंपाकघराच्या दाराआड उभें राहून घेतला. आणि आम्हीं भावंडांनीं तो माजघरांत पाटावर बसून, आजोबांच्या तसबिरीसमोर घेतला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा क्रम असाच घडला असेल. परंतु ज्यांच्यावर आजोबांचा राग होता, त्यांच्याही वाडवडिलांनीं चहाला जवळजवळ हींच दूषणें दिलीं होतीं, हें कळलें तेव्हां मला मोठी मौज वाटली. सन २०२३ मध्यें चिरंजिवांकडे इंग्लंडांतील रेडिंग या गांवीं सहा महिने राहण्याचा योग आला. त्या काळांत जें वाचलें आणि शेजारधर्मानें जें पाहिलें-ऐकलें, तें येथें सांगतों.

चहा इंग्लंडांत फारसा जुना नाहीं. सॅम्युएल पीप्स या सरकारी अधिकाऱ्यानें आपल्या रोजनिशींत २५ सप्टेंबर १६६० रोजीं हें चिनी पेय घेतल्याची नोंद केली आहे. पुढें दोनच वर्षांनीं, १६६२ मध्यें, दुसऱ्या चार्ल्स राजाचा विवाह पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशीं झाला. तिला माहेरीं चहाची संवय होती. राणी जें घेते तें सरदारांच्या बायकांनीं घ्यावें, हें ओघानेंच आलें. याच विवाहांत मुंबई बेट आंदण म्हणून मिळालें, आणि १६६८ मध्यें राजानें तें वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. वधूचें आंदण आणि वधूची आवड यांपैकीं कशाचा परिणाम अधिक दूरवर पोंचला, हें इतिहासकारांनीं ठरवावें. व्युत्पत्तीचा नाद असल्यामुळें आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. पोर्तुगीज लोक 'चा' म्हणतात, तो उच्चार चीनच्या दक्षिणेकडील कँटनकडचा, व आपला 'चहा' त्याच गोत्रांतला. 'टी' हा उच्चार फूक्येन किनाऱ्यावरचा. तो डच व्यापाऱ्यांच्या तोंडून इंग्लंडांत गेला. म्हणजे मूळ वस्तु एकच, बंदर मात्र निराळें.

श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत होता तोंवर चहाला कोणी नांवें ठेविलीं नाहींत. तो मोलकरणींच्या व मजुरांच्या हातीं पडूं लागतांच उपदेशकांना कंठ फुटला. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनीं १७४८ मध्यें चहा सोडण्याविषयीं एक पत्रच छापून प्रसिद्ध केलें; आपला हात कांपतो तो चहामुळें, असा त्यांचा स्वानुभव होता. (पुढें ते स्वतः पुन्हां चहा घेऊं लागले, त्यांची भली मोठी किटली लंडनला जपून ठेवलेली आहे.) जोनस हॅनवे म्हणून एक परोपकारी गृहस्थ होते. लंडनच्या रस्त्यांत छत्री घेऊन फिरणारा पहिला पुरुष असा त्यांचा लौकिक आहे. त्यांनीं १७५६ मध्यें चहाविरुद्ध निबंध लिहिला, आणि देशाची संपत्ति, मजुरांचें बळ व बायकांचें रूप हीं तिन्ही चहापायीं नष्ट होत आहेत असें प्रतिपादिलें. त्याला उत्तर द्यावयास कोशकार डॉक्टर जॉन्सन पुढें सरसावले. आपण स्वतःच अट्टल चहाबाज आहों, तेव्हां आपल्याकडून निःपक्षपाती निवाड्याची आशा कोणी करूं नये, असें त्यांनीं आरंभींच सांगून टाकलें. वादविवादांत इतका प्रामाणिकपणा क्वचित् आढळतो.

या सर्वांत मला विशेष वाटले ते विल्यम कॉबेट. कॉबेट हा गरीब शेतकऱ्यांचा खरा कैवारी. १८२२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकांत त्यानें चहाचा वर्षाचा खर्च, त्याला लागणारें सरपण आणि वायां जाणारा वेळ यांचा हिशेब मांडला, आणि त्यापेक्षां घरीं केलेली बिअर प्यावी, तिनें अंगांत बळ येतें, असा निर्णय दिला! चहानें पोरें बिघडतात, हें आजोबांचें वाक्यही त्याच्याकडे निराळ्या शब्दांत सांपडतें. मात्र आजोबांना त्याचा पर्याय कळला असता तर त्यांनीं मुकाट्यानें चहाच घेतला असता.

वारें फिरलें तें दोन बाजूंनीं. १७८४ मध्यें धाकटे पिट पंतप्रधान असतां चहावरील कर शेंकडा ११९ वरून शेंकडा साडेबारावर आणण्यांत आला. त्यामुळें चोरटा व्यापार बसला व चहा गरिबांच्या आटोक्यांत आला. पुढें पन्नासएक वर्षांनीं मद्यपाननिषेधाची चळवळ सुरू झाली, तेव्हां लोकांना दारूच्या गुत्त्यांतून बाहेर काढून बसवावयाचें कोठें, हा प्रश्न पडला. त्याचें उत्तर चहाच्या सभांनीं दिलें. ज्या पेयानें मजूर दुबळा होतो म्हणून ओरड झाली होती, तेंच आतां त्याला सन्मार्गावर आणणारें ठरलें. स्त्रियांना तर त्यानें आणखी एक दार उघडून दिलें. जुन्या कॉफीगृहांवर पुरुषांचेंच राज्य असे. १८६४ पासून लंडनांत चहाचीं दुकानें निघूं लागलीं, १८९४ मध्यें लायन्स कंपनीचें पहिलें दुकान पिकॅडिलींत उघडलें, आणि कुलीन स्त्रीला बरोबर कोणी पुरुष नसतांना बाहेर बसून कांहीं घेण्यासारखी जागा प्रथमच मिळाली.

या गोड कथेला एक काळी किनार आहे, ती झांकणें बरें नव्हे. पेल्यांतली साखर वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या श्रमाची होती. १७९१ मध्यें पुष्कळ इंग्रज कुटुंबांनीं तिच्यावर बहिष्कार घातला, हें त्यांना भूषणावह आहे. चिनी चहाचें मोल चुकविण्यासाठीं हिंदुस्थानांत पिकलेली अफू चीनला जात असे, व तीपायीं १८३९ मध्यें युद्ध जुंपलें. त्याच वर्षीं आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला.

आमच्या शेजारीं पंचाऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्याच राहात. माझी पत्नी त्यांना 'मावशी' म्हणे, व तो शब्द त्यांनाही आवडला होता. दुसऱ्या महायुद्धांत, जुलै १९४० पासून, तेथें चहाचें रेशन सुरू झालें. माणशीं आठवड्याला दोन औंस, म्हणजे आपले सुमारें पांच तोळे. तें उठलें १९५२ च्या ऑक्टोबरांत, तेव्हां मावशी चौदा वर्षांच्या होत्या. एकदां उकळतें पाणी ओतलेली पत्ती त्यांची आई फेंकीत नसे, दुपारीं तिच्यावरच पुन्हां पाणी ओती. आणि कोणी दुःखाची वार्ता घेऊन आलें तर मात्र डब्यांतली ताजी पत्ती काढी. त्यांचे यजमान गांवांतल्या हंट्ली अँड पामर्सच्या बिस्किटांच्या कारखान्यांत होते. १९७६ मध्यें तेथील काम थांबलें. चार वाजतां किटली टीकोझीखालीं झांकून ठेवावयाची, हा त्यांचा नेम यजमान गेल्यावरही चुकला नाहीं.

चहा कसा करावा याविषयीं त्या लोकांत जे वाद आहेत, ते आपल्याकडील सोंवळ्या-ओंवळ्याच्या वादांहून कमी नाहींत. दूध आधीं कीं चहा आधीं, यावरून मनुष्याचें कूळ ओळखणारे लोक तेथें होते. जॉर्ज ऑर्वेल यांनीं जानेवारी १९४६ मध्यें, रेशन चालू असतांना, वर्तमानपत्रांतून अकरा नियम घालून दिले; आणि १९८० मध्यें ब्रिटिश मानक संस्थेनें चहाचा काढा करण्याची शास्त्रोक्त पद्धति प्रसिद्ध केली. ४ जुलै १९९० रोजीं विश्वचषक फुटबॉलांतला इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांचा सामना संपतांच देशांतील विजेची मागणी एकाएकीं सुमारें २८०० मेगावॅटनें वाढली, कारण घरोघर एकाच क्षणीं विजेच्या किटल्या चालू झाल्या.

टेटली कंपनीनें १९५३ मध्यें चहाच्या पुड्या बाजारांत आणल्या, तेव्हांपासून किटलीचें काम सरत आलें. (ती कंपनीच २००० मध्यें टाटांनीं विकत घेतली, हें वाचून मला थोडा अभिमान वाटला, तो लपवीत नाहीं.) मावशींची मुलगी पुडी पेल्यांत टाकी आणि उभ्याउभ्याच, फोनवर बोलत चहा संपवी. नात विशींतली, ती दर रविवारीं येई, पण हातांत कागदी पेल्यांतली कॉफी घेऊनच. मावशी दोघींपुरता चहा करीत, एकच पेला घेत, व उरलेला बागेंतल्या गुलाबांच्या बुडाशीं ओतीत. तक्रार त्यांनीं कधीं केली नाहीं. एकदांच म्हणाल्या, "पूर्वीं किटली ठेवली कीं माणसें येऊन बसत. आतां माणूस आल्यावर काय घेणार म्हणून विचारावें लागतें, आणि तो म्हणतो, मीं घेतलें आहे." मला चहापेक्षां या शेवटच्या वाक्याची अधिक काळजी वाटली, कारण तें मीं आमच्याही घरीं ऐकलें होतें.

नातीला उपाहारगृहांतला मसाल्याचा चहा ठाऊक होता. त्याला ती 'चाय टी' म्हणे. मीं तिला सांगितलें कीं बाई, ही तर चहाची द्विरुक्ति झाली. ती हंसली आणि म्हणाली, मग खरा कसा असतो तो दाखवा. पुढच्या रविवारीं माझ्या पत्नीनें मावशींच्याच शेगडीवर आलें ठेंचून, दूध, पाणी, साखर व पत्ती एकत्र उकळावयास ठेविली. दूध पत्तीबरोबर उकळतांना पाहून मावशींच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो आमच्या आजोबांना ओळखीचा वाटला असता. नातीनें तो चहा दोनदां मागून घेतला. मावशींनीं अर्धा पेला घेतला, छान आहे म्हणाल्या, आणि उठून आपली किटली ठेवली. त्या दिवशीं नात सहा वाजेपर्यंत बसली होती.